एकेचाळीस ओळी काढल्या, मग आणखी एक

वसमतच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार सालानंतरची. नोकरी कराराची होती. दर जूनमध्ये विभागप्रमुखांनी सही केली तर पुढचं वर्ष, नाही तर घरी. हे पक्कं ठाऊक असूनही माझं तोंड काही गप्प बसत नसे.

लॅबमधल्या मशीनवर फुकटची, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचा कोड कुणीही वाचावा. मी वाचायचे. एकदा आमच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमचं म्हणणं कार्डाला समजावून सांगणारा कोड, वाचताना एकेचाळीस ओळींवर अडले. मशीन झोपवताना, म्हणजे पूर्ण बंद न करता नावापुरत्या विजेवर ठेवताना, कार्डाची स्थिती नोंदवायची, त्याची वीज तोडायची आणि उठवताना सगळं पुन्हा जागेवर आणायचं, एवढंच त्या करत. पण हे काम सिस्टिम आता सगळ्याच कार्डांसाठी स्वतः करू लागली होती.

आमच्या गावी, हट्ट्याजवळ, विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवला होता. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. तरी लाइट आली रे आली की बाबा चप्पल शोधत विहिरीकडे निघायचेच. आई म्हणायची, "ऑटो लावला ना? मग तुमी काहून पळून राहिले?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "गेलेलं बरं."

त्या एकेचाळीस ओळीही अशाच होत्या. बाबांचं मला हसू यायचं, ओळींचा मात्र राग आला. खरंच राग. आहेत म्हणजे लागत असणार, असं समजून पुढचा माणूस त्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये उतरवून घेणार, त्याच्या पुढचाही तेच करणार. मी त्या काढून टाकल्या आणि तसा बदल ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला मेलने पाठवायचं ठरवलं.

विभागप्रमुख सरांना कळलं. "मॅडम, बराबर चालू आहे ना? मग तुमाला काय तकलीफ होऊन राहिली? परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं तुमी वसमतला बसून काढणार?"

"व्हय सर," मी म्हटलं. "वसमतला बसूनच काढणार."

"मग कॉलेजचं नाव कुठं येऊ देऊ नका."

नाही येऊ दिलं. मेलच्या खाली फक्त माझं नाव लिहिलं.

तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशी माणसाने उलट विचारलं, ओळी काढल्यावर मशीन किती वेळा झोपवून उठवून पाहिलं? मी एकदाच पाहिलं होतं. ओशाळले आणि मग इरेला पेटले. आठवडाभर प्रॅक्टिकल संपलं की मशीन झोपवायचं, उठवायचं, नेटवर्क चालतंय का बघायचं आणि वहीत खूण करायची. मध्येच लोडशेडिंग झालं की यूपीएस कोकलायचा, मग लाइटीची वाट बघत बसायचं. असं शंभर वेळा केलं. शंभरही वेळा कार्ड मुकाट जागं झालं. तसं कळवलं आणि माझा बदल स्वीकारला गेला. मी लॅबमध्ये एकटीच मोठ्याने हसले.

दोन दिवसांनी सरांनी मला एक टाइप केलेला कागद दिला, नोटीस बोर्डावर लावायला. आमच्या लॅबचं काम जगभर पोचल्याचं त्यात लिहिलं होतं. माझं नाव होतं. त्याखाली होतं, 'विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली.'

मी तिथेच पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

सर बघत होते. "मॅडम, एका ओळीनं काय बिघडून राहिलं होतं? जून जवळ आला, ध्यानात आहे ना?"

"ध्यानात आहे सर."

जूनमध्ये सही झाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. लॅबच्या किल्ल्या परत दिल्या. पण तो कागद मी खोडलेल्या ओळीसकट बोर्डावर लावला होता. आल्या-गेल्याने वाचला, सरांनीही जाता-येता पाहिला, आणि मी कॉलेज सोडलं त्या दिवसापर्यंत तो काढायची कुणाची हिंमत झाली नाही.