थेल्मा मॉसॉपचं मत

थेल्मा मॉसॉपला जन्मात कुणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं तिने किनाऱ्यावरच्या स्केल्बी गावाच्या प्राथमिक शाळेत मुलांचं जेवण रांधलं. तिथे सोमवारी काय शिजवायचं आणि मंगळवारी काय, हेसुद्धा वरून कागदावर येई. नवरा विल्फ पक्षाच्या क्लबात बार सांभाळायचा, म्हणून तीही पक्षाची सभासद झाली. सभासद असलं की गुरुवारी पत्त्यांच्या डावाला बसता यायचं, एवढंच तिचं राजकारण. विल्फ जाऊन नऊ वर्षं झाली तरी तिने सभासदत्व सोडलं नाही, कारण पत्ते सुटत नव्हते.

त्या जुलैत पंतप्रधानाने राजीनामा दिला. पक्ष सत्तेत होता, त्यामुळे पक्षाचा जो नवा नेता तोच नवा पंतप्रधान. देशाने मत द्यायचं नव्हतं, फक्त पक्षाच्या सभासदांनी द्यायचं होतं. मार्ल गल्लीतल्या बेचाळीस घरांत सभासद एकच निघाली, थेल्मा.

"म्हणजे आम्ही सगळी मेंढरं, आणि पंतप्रधान ठरवणार ही!" शेजारचा डेरेक फिअरन कुंपणावरून ओरडला. डेरेक जुना खाणकामगार, युनियनचा माणूस. थेल्माच्या पक्षाला तो चाळीस वर्षं शिव्या देत आला होता आणि तितकीच वर्षं दर मंगळवारी तिचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवत होता.

"मग तूही हो की सभासद," थेल्मा म्हणाली. "पत्त्यांना चौथा भिडू लागतोच आम्हाला."

"त्यापेक्षा मी समुद्रात उडी मारीन."

पहिला आठवडा असा हसण्यात गेला. मग स्केल्बीच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचा घाट घातलाय अशी बातमी आली. वॉर्ड गेला की पोरींनी बाळंतपणाला चाळीस मैलांवर कार्लाइलला जायचं, तेही किनाऱ्याच्या त्या वेड्यावाकड्या रस्त्याने. नेतेपदासाठी दोघं उभी होती, रुपर्ट हॅलम आणि जोअन विंडल. हॅलमने टीव्हीवर छातीवर हात ठेवून सांगितलं की मी पंतप्रधान झालो तर स्केल्बीचा वॉर्ड बंद होणार नाही. विंडलबाईला तोच प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, "कागदपत्रं पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही." एका दिवसात सगळं गाव हॅलमचं झालं. ज्यांना मत नव्हतं त्यांनीही खिडक्यांत त्याची चित्रं लावली.

थेल्माची नात कर्स्टी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. कर्स्टी अकरा वर्षांची असताना तिची आई स्पेनला निघून गेली, तेव्हापासून थेल्मानेच, तिच्या नॅनाने, तिला वाढवलं. दोन वर्षांपूर्वी कर्स्टीचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. तिला इतका रक्तस्राव झाला की डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर हीसुद्धा हाताला लागली नसती. घरापासून वॉर्ड दहा मिनिटांवर होता, म्हणून ती वाचली.

ऑगस्टमध्ये हॅलम स्वतः स्केल्बीला आला. क्लबात सभा होती आणि थेल्मा आतल्या स्वयंपाकघरात चहा करत होती. दार अर्धवट उघडं होतं. बोळात हॅलम आणि त्याचा सहायक उभे होते.

"ह्या गावाचं नाव काय म्हणालास?" हॅलमने विचारलं.

"स्केल्बी, साहेब."

"आणि इथला वॉर्ड कसला? डोळ्यांचा?"

"बाळंतपणाचा."

"बरं, तेच बोलतो. ऑक्टोबर उजाडल्यावर कोण विचारायला येतंय."

मग तो सभेत गेला आणि "तुमच्या लेकीबाळी" असं म्हणताना त्याचा गळा दाटून आला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थेल्माच्या हातातली किटली पोळत होती तरी ती खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

तिने क्लबच्या सेक्रेटरीणबाईंना, मिसेस बर्केटना, बाजूला घेऊन ऐकलेलं सांगितलं.

"दमलेला असेल गं," त्या म्हणाल्या. "दिवसाला चार-चार गावं करतात ते. हे कुठे बोलू नकोस हं, थेल्मा. लोक भडकलेत."

लोक भडकले होते हे खरंच. मतपत्रिकेचं पाकीट आलं त्याच दिवशी पोस्टमनने ते सगळ्या गल्लीला सांगितलं. मग माणसं येऊ लागली. कुणी सॉसेज रोल घेऊन यायचं, कुणी नुसतंच यायचं. दुकानात रांगेत उभं राहिलं की मागून खांद्यावर बोट टोचून विचारायचे, "दिलंस का?" एका सकाळी दारातून चिठ्ठी आत पडली. तिच्यावर लिहिलं होतं, "हॅलमला दिलं नाहीस तर पोरांचं रक्त तुझ्या हाताला." दुसऱ्या सकाळी पुढच्या खिडकीवर अंडी फुटलेली होती. डेरेक बादली घेऊन आला आणि काच धुऊ लागला. धुऊन झाल्यावर म्हणाला, "मी सांगतोय म्हणून नको. पण देऊन टाक एकदाचं आणि सुट."

थेल्माने कर्स्टीला बोलावून बोळातलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. कर्स्टी ऐकत होती तोवर ठीक होती. मग ती मान हलवू लागली.

"तू चुकीचं ऐकलंस, नॅना. किटलीचा आवाज असतो, त्यातून तुझा तो कान."

"कान ठीक आहेत माझे."

"मग ती दुसरी बाई देते का शब्द? नाही ना! हा निदान तोंडाने तरी म्हणतोय." ती रडायला लागली. "मला रस्त्यात मरायचं नाहीये. त्याला दे ना मत. माझ्यासाठी दे."

थेल्माने तिचं डोकं छातीशी धरलं. "देते गं राणी. त्यालाच देते. रडू नकोस."

पाकीट नऊ दिवस टेबलावर पडून होतं. थेल्मा त्याच्याभोवती जेवली, त्याच्याभोवती इस्त्री केली. कधी वाटे, खरंच दमलेला असेल बिचारा. कधी वाटे, पोरीला शब्द दिलाय, आता आपलं डोकं चालवायचं कारण नाही. शेवटी एका शुक्रवारी ती पोस्टात गेली, काउंटरला पाठ करून उभी राहिली आणि जोअन विंडलच्या नावापुढे फुली मारली. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकून ती घरी आली.

सप्टेंबरात निकाल लागला. हॅलम भरघोस मतांनी जिंकला. मार्ल गल्लीत मोटारींचे भोंगे वाजले. डेरेक दुकानातून आणलेला केक घेऊन आला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या पक्षाने कामाचं काहीतरी केलं," तो म्हणाला. "शाबास, म्हातारे." कर्स्टीने फोनवरूनच मुका घेतला. थेल्माने केकचा तुकडा चहाच्या दोन घोटांबरोबर कसाबसा गिळला.

नवं सरकार आलं, नव्या मंत्र्यांची नावं आली. तीन आठवड्यांत त्यांच्यात आपसांत जुंपली. स्केल्बीबद्दल विचारलं की आरोग्यमंत्री म्हणायचे, सगळ्याचा आढावा चालू आहे. ऑक्टोबरच्या दहा तारखेला वॉर्डाच्या दारावर कागद चिकटला: डॉक्टरांअभावी तात्पुरता बंद. बाया दारासमोर उभ्या राहून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. हॅलमची चित्रं खिडक्यांतून एकेक करून उतरली.

त्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी एकच्या सुमाराला, कर्स्टीचा फोन आला. "नॅना, पाणी गेलंय. आणि रक्तही आहे."

अजून तीन आठवडे बाकी होते. तिचा नवरा कॉनर कारखान्यात पाळीवर होता आणि आत फोन नेता येत नव्हता. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, पावणेदोन तास लागतील. थेल्मा अंगावरच्या कपड्यानिशी डेरेककडे धावली. त्याने गाडी काढली आणि दोघं कर्स्टीच्या दारात पोचली.

कर्स्टी मागच्या सीटवर थेल्माच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. तिच्याखाली घातलेला टॉवेल लाल होत होता. दर सहा मिनिटांनी ती थेल्माचं मनगट इतकं आवळायची की हाडं करकरायची. मेरीपोर्टच्या पुढे रस्ता खणलेला होता. तात्पुरत्या लाल दिव्यापुढे वीसेक गाड्या थांबल्या होत्या. डेरेकने भोंगा दाबून धरला, तरी कुणी हललं नाही. मग तो उतरला आणि पावसात एकेका गाडीच्या काचेवर मूठ आपटत पुढे गेला. "पोरगी बाळंत होतेय! बाजूला घ्या!" गाड्या गवतात उतरल्या. तो धापा टाकत परत येऊन बसला आणि त्याचा हात रेडिओच्या बटणावर पडला. बातम्या चालू होत्या. पंतप्रधान हॅलमने राजीनामा दिला होता.

"गेला!" डेरेक ओरडला. "सहा आठवडे! थेल्मा, गेला बघ तुझा माणूस!"

"माझा नव्हताच तो." थेल्माचं लक्ष टॉवेलकडे होतं. तोंडातून काय जातंय याचं तिला भान नव्हतं. "मी कुठे दिलं त्याला मत? विंडलबाईला दिलं मी."

डेरेकने रेडिओ बंद केला. कर्स्टीने डोळे उघडून आजीकडे पाहिलं आणि तिचं मनगट सोडून दिलं. पुढची कळ तिने सीटच्या पट्ट्याला धरून काढली.

कार्लाइलला पोचल्यावर तिला धावतच आत नेलं आणि ऑपरेशन केलं. थेल्मा आणि डेरेक ओल्या कपड्यांनी बाहेरच्या बाकावर बसले होते. संध्याकाळी पाचला एक नर्स येऊन म्हणाली, मुलगी आहे, बारीक आहे, पण श्वास घेतेय. आई बेशुद्ध आहे, तिला रक्त चढवतोय. डेरेक उठला आणि तोंड भिंतीकडे वळवून डोळे पुसू लागला.

दोघी वाचल्या. बाळाला अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. पण कर्स्टीने थेल्माला भेटायला येऊ दिलं नाही. कॉनर फोनवर ओशाळून म्हणायचा, "थोडे दिवस जाऊ द्या, नॅना." एव्हाना देशाला आणखी एक पंतप्रधान मिळाला होता. ह्या वेळी खासदारांनी आपसांतच ठरवलं, सभासदांना कुणी विचारलंही नाही. थेल्माला त्याचं काही वाटलं नाही. पक्षाला पत्र लिहून तिने नाव काढून घेतलं, आणि त्याबरोबर गुरुवारचे पत्तेही गेले.

नोव्हेंबरात ती न विचारताच कर्स्टीच्या दारात जाऊन उभी राहिली. कर्स्टीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"मत कुणालाही दिलं असतंस तरी तो जिंकलाच असता," ती म्हणाली. "वॉर्डही गेलाच असता. त्याचं मला काही नाही. पण तू माझ्या तोंडावर खोटं का बोललीस?"

"तू रडत होतीस. मला ते बघवेना."

"मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय? तोही आम्हाला ऐकायचं होतं तेच बोलला."

थेल्मा उंबऱ्यापाशीच उभी राहिली. थंडी होती. आतून बाळ रडलं आणि कर्स्टी तिला घ्यायला आत गेली, पण तिने दार लोटलं नाही. थोडा वेळ वाट पाहून थेल्मा आत गेली, कोट काढला आणि सिंकमधल्या बाटल्या धुवायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी कर्स्टीने फोन करून विचारलं, उद्या दोन तास बाळाला सांभाळशील का?

डिसेंबरात हॉस्पिटलच्या अधिकाऱ्यांनी टाउन हॉलमध्ये गावाचं म्हणणं ऐकून घ्यायची सभा ठेवली. थेल्माने बोलणाऱ्यांत नाव दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माइकसमोर उभी राहिली. बोळात ऐकलेलं तिने शब्दाशब्दाने सांगितलं. मिसेस बर्केट खाली बघत बसल्या होत्या. मग ती म्हणाली, "हे मी ऑगस्टमध्येच ह्याच गावात ओरडून सांगायला हवं होतं. मी भ्याले. माझ्या नातीशीसुद्धा खोटं बोलले." मागून कुणीतरी "आत्ता सांगून काय उपयोग, म्हातारे?" असं ओरडलं. डेरेक उठून त्याच्याकडे बघत राहिला, तो गप्प बसेपर्यंत.

"टॉवेल किती भिजला होता ते मी सांगते," थेल्मा अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली आणि तिने ते सांगितलं.

वसंतात वॉर्ड पुन्हा उघडला, पण अर्धाच. दिवसा दोन सुइणी असतात, ऑपरेशन लागलं तर अजूनही कार्लाइलच. डेरेक म्हणतो, अर्धा तर अर्धा, उरलेल्या अर्ध्यासाठी भांडू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो, थेल्मा आणि पोरीला झोळीत घेतलेली कर्स्टी हॉस्पिटलच्या फाटकाशी फलक घेऊन उभी राहतात.