ट्रेलर मागे घेणारा चाचा

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला दुबईत आमच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पचं पिण्याचं पाणी ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवरून यायचं. तो आणणारा रत्नागिरीकडचा, रोजंदारीवरचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. मान मागे वळवून, एका हाताने स्टिअरिंगचं चाक धरून तो टाकी बरोबर हौदाला भिडवायचा.

मी स्टोअरमधला बी.एस्सी. क्लार्क. एकदा हट्टच धरला, मला शिकवा.

"ट्रेलर उजवीकडे हवा तर चाक डावीकडे मार," तो म्हणाला. "वळायला लागला की लगेच चाक उलट फिरव. उशीर केलास तर खलास! मग कितीही फिरव, ऐकत नाही तो."

मी उशीर केला. ट्रेलर काटकोनात दुमडला, हौदाची भिंत फुटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं.

कॅम्पचा साहेब धावत आला. "माझा हात चुकला," चाचा म्हणाला आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्याच दिवशी त्याला काढलं.

उद्या खरं सांगू, असं मी रोज ठरवत राहिलो. आठवड्याने सांगितलं, तेव्हा त्याची बोट सुटली होती.

"परत बोलावू," साहेब म्हणाला. "नाव काय त्याचं?"

मी ते कधी विचारलंच नव्हतं.