मागचं इंजिन

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्या काळी जो तो लीडर झाला होता. संगणकासमोर बसायला लागून वर्ष झालं नाही, तोच कुणी टीम लीडर, कुणी प्रोजेक्ट लीडर. त्या गर्दीत शेजारच्या सुदर्शनरावांना स्वतःच्या नोकरीची लाज वाटू लागली. मला कीव आली असती, पण त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

सुदर्शनराव मूळचे अकोल्याचे, रेल्वेत ड्रायव्हर. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या मालगाड्यांना मागून रेटणारं इंजिन ते चालवत. नवे राहायला आले तेव्हा गच्चीवर हौसेने सांगायचे, "अहो, सगळी इंजिनं पुढेच लावली तर घाटात अख्ख्या गाडीचा ताण डबे जोडणाऱ्या पहिल्या कपलिंगवर येतो. ते तुटलं की संपलं. म्हणून थोडा भार आम्ही मागून उचलतो." तेव्हा हा माणूस मला आवडायचा.

एकदा घाटात मधलं कपलिंग तुटलंच. मागचे डबे उताराला सरकायला लागले. ब्रेक पकड घेईपर्यंत सुदर्शनरावांनी ते आपल्या इंजिनावर तोलून धरले. शेवटच्या डब्यात गार्ड मच्छिंद्रराव होते, ते वाचले. तेव्हापासून दर दसऱ्याला ते सोनं द्यायला यायचे. विमलावहिनी त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसत आणि धाकटी लेक उत्कर्षा त्यांच्याभोवतीच घुटमळायची.

पुढे उत्कर्षाला सदाशिव पेठेतलं स्थळ आलं. मुलगा आयटीत, तिला बघताक्षणी आवडलेला. शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलाचे वडील दीनानाथराव पोहे खात म्हणाले, "आपण रेल्वेत असता म्हणे?"

"मेल चालवतो. मुंबई-पुणे," सुदर्शनराव म्हणाले.

काय नडलं होतं हो? मागचं इंजिन म्हटलं असतं तर दीनानाथरावांनी पोह्यांवर आणखी थोडं लिंबू पिळलं असतं, एवढंच. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या उत्कर्षाने मान खाली घातली.

लग्न ठरलं. आता खोटं निस्तरायचं म्हणून रेल्वेतल्या एकालाही आमंत्रण नाही. मच्छिंद्ररावांनाही नाही. उत्कर्षाने विचारलं तेव्हा "त्यांची ड्यूटी आहे" म्हणाले. निर्लज्जपणाची हद्द!

मच्छिंद्रराव तरीही आले. कुणाकडून तरी कळलं असावं. इस्त्रीचा सदरा, हातात साडीची पिशवी. व्याह्यांजवळ उभ्या असलेल्या सुदर्शनरावांना त्यांनी वाकून नमस्कार केला.

"हे कोण?" दीनानाथरावांनी विचारलं.

"कल्पना नाही," सुदर्शनराव म्हणाले आणि मच्छिंद्ररावांकडे वळले. "आपण कोणाकडचे?"

वाटलं, तिथल्या तिथे मुस्काटात द्यावी. मच्छिंद्ररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. मग अगदी सहज म्हणाले, "माफ करा हं. आमचं लग्न वरच्या हॉलमध्ये दिसतंय."

स्टेजवरून उत्कर्षाने हाक मारली, "मच्छिंद्रकाका!" ते वळले नाहीत. मी दारापर्यंत धावलो तर पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरीला द्या. नाव सांगू नका."

मी परत आलो तेव्हा फोटोवाला सगळ्यांना स्टेजवर बोलावत होता. सुदर्शनराव कोपरांनी वाट काढत सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात अजून लटकतो आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो कौतुकाने दाखवतात. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. उत्कर्षा तेवढी दाराकडे बघते आहे.