ईशान्येकडं कललेलं तळं

आमच्या अंगणातलं तळं पाणी सोडेपर्यंत फार सुरेख दिसत होतं. पाणी सोडलं आणि ते तिरपं झालं. म्हणजे पाणी सरळच होतं, तिरपं तळं होतं. एका बाजूनं पाणी काठावरून कुंपणाच्या भिंतीकडं निघालं होतं आणि समोरच्या बाजूला तळाशी अंथरलेली काळी प्लास्टिकची पन्नी वीतभर उघडी पडली होती, आखूड पँटीखालून मोजे दिसावेत तशी.

बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे माझा साळा, चहाचा कप हातात घेऊन तळ्याभोवती एक चक्कर मारून आला.

"जवाई, हे एका अंगावर बसलेल्या म्हशीवानी काहून दिसून राहिलं?"

"डिझाइन आहे," मी म्हणालो.

मी अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. द्रवाचा पृष्ठभाग समपातळीत राहतो, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की त्याचा आणि पाण्याचा काही संबंध असेल असं मला वाटेनासं झालं असावं.

खरं तर गोंधळ जुना होता. घर बांधताना याच साळ्याच्या वास्तुज्ञानावर विसंबून आम्ही ट्रकनं मुरूम आणून अंगणाला ईशान्येकडं उतार दिला होता. नैर्ऋत्य उंच, ईशान्य खोल. तिकडून लक्ष्मी येते म्हणे. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही, पण पावसाळ्यात अख्ख्या अंगणाचा चिखल त्या कोपऱ्यात नेमानं येतो. पुढं तळ्याची टूम निघाली तेव्हा पाण्याची दिशा ईशान्यच, म्हणून तेही त्याच उतारावर. मी चहूबाजूंनी विटांची एकेक ओळ लावली. वीट सगळीकडं सारखी, म्हणजे काठ सारखा. खालची जमीन यात मोजायची असते, हे मला सुचलं नाही.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण त्या तळ्यात बायकोचं कमळ होतं. तिचं माहेर सावनेरकडचं. गावालगतच्या तलावात गुलाबी कमळं फुलायची. पुढं जमीन कोळशाच्या खाणीत गेली, तिच्याबरोबर तलावही गेला. त्याआधी तिनं चिखलात उतरून एक कंद उपटून आणला होता. त्या तलावाचा तेवढाच उरलेला. तो घमेल्यात लावून आम्ही तळ्यात ठेवला. आता पाणी खालच्या काठाइतकंच टिकणार, म्हणजे घमेल्यावर जेमतेम चार बोटं. मे महिन्यात नागपुरात चार बोटं पाण्याचा चहा होतो.

"मेलं तं दुसरं कुठून आणाल?" बायकोनं विचारलं. तिला उत्तर नको होतं, तिला काठ उंच हवा होता.

पहिला प्रयोग मी काळ्या मातीचा केला. खालच्या बाजूला पन्नीखाली माती दाबून भरली आणि पाठ थोपटायला कोणी दिसेना म्हणून स्वतःच थोपटली. मार्चच्या उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्यातून घूस आत गेली. या काठाला दाद दिली ती एवढ्या एका जीवानं.

मग कळमेश्वरच्या रस्त्यावर बागेच्या सजावटीचं दुकान आहे तिथं गेलो. सिमेंटची अळंबी, सिमेंटचे ओंडके, छत्री धरलेला सिमेंटचा बेडूक. आणि दगड, तेही फायबरचे, आतून पोकळ.

"सर, एकदम नॅचरल लुक है," दुकानदार म्हणाला.

ज्या मुलखात कुठंही कुदळ मारली की खरा काळा दगड ठणकन लागतो, तिथं हा माणूस पोकळ दगड विकत होता. त्याहून नग मी, जो ते गाडीच्या डिकीत भरून घरी घेऊन आला. पहिल्याच वावटळीत त्यातले दोन तळ्यात गेले आणि तरंगायला लागले. त्यांच्यावर कुणाचं नावही लिहिलेलं नव्हतं.

साळ्यानं मग आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्याचे ग्रॅनाइटचे तुकडे आणले. एकाला सिंकची अर्धी गोलाई होती. जाडी वेगवेगळी, आणि ओले झाले की पाय थेट पाण्यात. मी म्हणालो, त्यापेक्षा ईशान्येची बाजू विटांनी सरळ उचलून घेतो.

त्याचा चेहरा उतरला. "ईशान्य उचलू नका जवाई. घराले दोष लागते. उचलायचीच असन तं नैर्ऋत्य तिच्याहून जास्त उचला."

म्हणजे खालची बाजू दोन विटा वर, आणि वरची तीन. मी यावर खरोखर विचार केला. कागदावर आकृतीसुद्धा काढली.

बायकोनं आकृती पाहिली. "विहीर करून राहिले काय तुम्ही? दादा, पोहरा तू आणजो."

तिनं घमेलं उचललं, घरामागं जुन्या कूलरची टाकी पडली होती तीत नेऊन ठेवलं आणि काठोकाठ पाणी भरलं. "साळा-जवायाची सभा सरली का सांगा," म्हणाली. कडुनिंबाच्या सावलीत, त्या गंजक्या पत्र्यात, कमळानं आठवड्यात नवं पान काढलं. माझ्या तळ्यात ते महिनाभर नुसतं श्वास धरून बसलं होतं.

त्या पानानं मला जागं केलं. तळं खालच्या काठापर्यंत भरलं आणि पाणी जिथं टेकलं तिथं पन्नीवर खडूनं गोल रेघ मारली. मग त्या रेघेपासून सगळीकडं सारखी उंची धरली. वरच्या बाजूची ओळ काढून टाकली. खालच्या बाजूला वीजकेंद्राच्या राखेच्या विटा सिमेंटमध्ये बसवल्या. रंग तापातल्या माणसाच्या जिभेसारखा, पण हलत नाहीत आणि घुशीला आवडत नाहीत. पन्नी त्यांच्यावर दुमडून वर खडबडीत शहाबादी फरशी ठेवली, जराशी पाण्यावर पुढं काढून, म्हणजे पन्नीला ऊन लागत नाही आणि माझं काम कुणाला दिसत नाही.

साळ्यानं येऊन मोबाइलवर दिशा तपासली. "ईशान्य तं उचललीच तुम्ही."

"पाणी दोन्हीकडं सारखं हाये, दादा," बायको म्हणाली. "कोण्या बाजूनं शिरायचं ते दोषाले शोधू दे."

उन्हाळाभर तळं पाण्यानं काठोकाठ भरलेलं आणि कमळावाचून रिकामं होतं. पावसाळा लागल्यावर बायको टाकीपाशी बसली, कंद बाहेर काढला आणि कोंब फुटलेला बोटभर तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला.

"आणि बाकीचा?"

"तो इथंच राहीन."

"अवं, काठ आता अगदी लेव्हलमध्ये आहे."

"यंदा राहिला. पुढचा उन्हाळा पाहू."

मोठा कंद तिनं परत टाकीतल्या चिखलात नीट दाबला, आणि हात धुवायला माझ्या तळ्यावर आली.