मोठा कॅमेरा

आईच्या फोटोवरचा झेंडूचा हार बदलला. वास हाताला राहिला आणि देगलूरचं आमचं अंगण आठवलं.

नांदेडच्या फोटो स्पर्धेसाठी मी स्टुडिओवाल्याचा मोठा कॅमेरा मागून आणला होता. तो बघताच मिरच्या वाळवत बसलेली आई उठली. "थांब रे, नवी साडी नेसून येते." पदर डोक्यावर घेऊन ती ताठ उभी राहिली. मी फोटो काढल्यावर "झालं का बाबा एकदाचं?" म्हणत, हसत पुन्हा मिरच्यांपाशी बसली. तेवढ्यात माझ्या मित्रानं, सुधाकरनं, साध्या मोबाईलवर तिला टिपलं.

बक्षीस त्यालाच मिळालं.

पुढं तो मोबाईल बिघडला, छापलेली प्रत स्पर्धेवाल्यांकडंच राहिली. भिंतीवर मी काढलेला फोटो आहे. साडीचा धागा न् धागा दिसतो.

"आजी कधी हसतच नव्हती का?" लेक विचारते.

मी हार सरळ करतो.