मुंडक्यांचा डबा

छापखान्यात तिला सगळे कात्री म्हणत. एक तर दिवसभर तिच्या हातात कात्री असे, आणि दुसरं कारण तिची जीभ. तिथे खऱ्या माणसांच्या खऱ्या साहसांची चित्रपुस्तकं निघत. कोणी समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला, कोणी बर्फात हरवून परतलेला. मालक महाचिक्कू. चित्रकाराने प्रत्येकाचा चेहरा फोटोवरून एकदाच काढायचा. मग त्याच्या लहानमोठ्या प्रती काढून पानोपानी धडांवर चिकटवायच्या. त्यामुळे वाघ अंगावर आला तरी नायकाचा चेहरा पासपोर्टच्या फोटोतल्यासारखा मख्ख. उरलेली मुंडकी पत्र्याच्या डब्यात जात, आणि तो डबा कात्रीच्या ताब्यात असे.

ती तिथे नोकरीला लागली ती पोटासाठी नव्हे, सूड उगवायला.

तिचे वडील खाणीत माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पाळणा चालवायचे. खाणीत पाणी शिरलं तेव्हा मुकादम लोकांना ढकलून पहिल्याच खेपेला वर आला. वडील मात्र पुन्हा पुन्हा खाली गेले आणि अडकलेल्या सगळ्यांना घेऊन आले. पण छापखान्याचा लेखक हकिकत विचारायला गेला तो नेमका मुकादमाकडे. पुस्तकात मुकादम झाला वीर आणि पाळणेवाला पळपुटा. वाचलेल्यांना खरं ठाऊक होतं, पण कामावर कोणाला ठेवायचं ते मुकादमाच्या मर्जीवर. ज्याच्या हाती ससा तो पारधी. एकानेही तोंड उघडलं नाही.

शाळेत पोरं ते पुस्तक तिच्यासमोर नाचवत. वडिलांनी माणसांत जाणंच सोडलं. आई म्हणायची, झालं गेलं विसरून जा. कात्रीने यातलं काही विसरायचं मनावर घेतलं नाही. वडील वारले तेव्हा त्यांनी वाचवलेल्यांपैकी एकजणही दारात आला नाही, आणि तिने दात आवळले ते आवळलेच.

पुढे कितीतरी वर्षांनी म्हाताऱ्या मुकादमाचा सत्कार ठरला. मालकाने लगेच ते जुनं पुस्तक पुन्हा छापायला काढलं. जुनी मूळ पानं कपाटातच होती. सुटलेले तुकडे तेवढे कात्रीने नव्याने चिकटवायचे होते. एकदा छापलेलं पुस्तक मालक दुसऱ्यांदा वाचत नसे. तेच तेच वाचायला मला काय काम नाही का, असं तो म्हणायचा.

कात्रीने डबा उपसला. तळाशी वडील सापडले, खाणीतल्या सगळ्यांच्या एकत्र फोटोवरून काढलेले. सगळ्यांत लहान चेहरा तिच्या अंगठ्याच्या नखावर मावला. रडत बसली असती तर डिंक वाळला असता. पाळण्यात घुसणाऱ्या धडावर तिने मुकादम चिकटवला, पाण्यात उतरणाऱ्यावर वडील. मजकूरही कागदाच्या पट्ट्यांवर छापून चित्रांखाली चिकटवलेला असे; दोघांचा उल्लेख होता त्या पट्ट्याही तिने बदलल्या. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. जाऊ दे खड्ड्यात.

सत्काराच्या दिवशी मुकादम टेबलाशी बसून पहिल्या पानावर सह्या ठोकत होता. फोटो चांगले यावेत म्हणून त्याने चष्मा खिशात ठेवला होता. रांगेत कात्री त्याच्यासमोर आली आणि तिने मधलं पान उघडून धरलं.

"इथे करा," ती म्हणाली.

त्याने नाइलाजाने चष्मा लावला. चित्रात तो एकाच्या खांद्यावर पाय देऊन पाळण्यात चढत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तू कोणाची?"

"पाळणेवाल्याची."

त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मागे सभागृह भरलेलं, आणि ज्याच्या त्याच्या हातात तेच पुस्तक.

"पोरी," तो अगदी हळू म्हणाला, "माझी लाकडं मसणात गेली. आता काय मिळणार तुला यातून?"

आपल्याला ऐन वेळी त्याची दया येईल, ही तिची एवढ्या वर्षांची भीती होती. दया आली नाही. उलट त्याचे थरथरणारे ओठ बघून तिला बरं वाटलं.

"सही करा. नाहीतर हे पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते."

त्याने स्वतःच्या चित्राखाली सही केली. वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची.

शाई वाळेपर्यंत कात्री थांबली. मग सभागृहाकडे तोंड करून तिने ते पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली.