मोरीतल्या मुंग्या

दुष्काळानंतरच्या वर्षी जालन्याहून एस.टी.ने घरी येताना मी गोडेतेलाचा डबा शेजारच्या माणसाच्या पायावर ठेवला, आणि वर त्याच्यापुढेच तासभर तेलाच्या भावावर ज्ञान पाजळलं. तो बोटांची टोकं चोळत निमूट ऐकत होता.

कुंभार पिंपळगावच्या अलीकडे डबा उचलला, तर त्याचा अंगठा रक्तानं माखलेला.

"अहो, बोलायचं नाही का?"

"कळलंच न्हाई." दुसऱ्या कुणाचा पाय पुसावा तसा त्यानं तो धोतरानं पुसला. "साखरेची बिमारी हाय. पायाची जाण गेली. आता तोंड सुजून राह्यलं. मूत्रपिंडंबी चाललीत म्हणतो डाक्टर."

"आधी कळलं नाही?"

"मोरीत लघवी केली का मुंग्या जमायच्या. मी दोन वरसं राख टाकत राह्यलो."

उतरताना त्याची एक चप्पल गाडीतच राहिली. मी हाक मारून ती खिडकीतून दिली. त्यानं आधी पायाकडे पाहिलं, मग हसून घातली.

मला मात्र आमची मोरी आठवत होती. आमच्या मोरीत महिनाभर मुंग्या होत्या. मी त्यांच्यावर पावडर मारत होतो आणि बायकोवर गूळ सांडल्याचा आळ घेत होतो.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिनं पावडरचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"उद्या पहिल्या गाडीनं डाक्टरकडे," ती म्हणाली. "गुळाचं मंग बोलू."